शंकासमाधान

घरी पाहुणे बसलेले असावेत, चहाचे पेले हातांत असावेत, संभाषण नुकतेच नाट्यसंगीताकडे वळलेले असावे, आणि अशा वेळी अडीच वर्षांच्या एखाद्या गृहस्थाने दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहून "आजी, झाली!" अशी घोषणा करावी, हा प्रसंग ज्यांच्यावर आलेला नाही असे वाचक फार थोडे असतील. पाहुणे छताकडे पाहू लागतात, घरची बाई पोतेरे आणायला धावते, आणि घोषणा करणारे गृहस्थ मात्र मोठे लोककार्य पार पाडल्याच्या प्रसन्नतेने आपल्या पायांशी साचलेल्या तळ्याचे निरीक्षण करीत असतात. इतरांच्या घरी हा प्रसंग सणावारी येतो. आमच्या घरी तो रोज येतो, आणि मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत दिवसातून आठ-दहा वेळा येतो. कारण आम्ही उभयता पाळणाघर चालवतो.

हा विषय सभ्य मासिकात लिहिण्याजोगा नाही, असे कोणास वाटल्यास आमची तक्रार नाही. आपल्या भाषेलाही त्याचे नाव सरळपणे कधी घेववले नाही. परसाकडे जाणे, बहिर्दिशेस जाणे, प्रातर्विधी उरकणे, शाळेत करंगळी वर करणे, अशा आडवाटांनीच ती या गावास गेली आहे. या सर्व शब्दांत आम्हाला अतिशय आवडतो तो 'लघुशंका' हा शब्द. ज्या कोणा पंडिताने तो योजला असेल, त्याने मनुष्यशरीराचा फार बारकाईने विचार केला असला पाहिजे. प्रौढ मनुष्यास आधी शंका येते. ती आली तरी सभेतले भाषण संपेपर्यंत किंवा गाडी पुढच्या स्थानकावर थांबेपर्यंत तो ती मनात बाळगू शकतो, आणि मग यथावकाश तिचे समाधान करून घेतो. दीड वर्षाच्या मुलाला शंका म्हणून येतच नाही. त्याचे एकदम समाधानच होते. शंका आणि समाधान यांच्यामध्ये थोडे अंतर पडू लागले, म्हणजे मूल मोठे होऊ लागले असे समजावे. हे अंतर पाडण्याची खटपट घरोघरच्या आया करतात. आम्ही ती घाऊक प्रमाणावर करतो, इतकेच.

वास्तविक पाळणाघर काढावे असा आमचा संकल्प कधीच नव्हता. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त होऊन नाशिकच्या आमच्या तळमजल्यावरच्या जागेत वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा होती. परंतु वरच्या मजल्यावरची एक नोकरदार मुलगी एके दिवशी आपले बाळ कडेवर घेऊन आली, आणि "काकू, फक्त चार दिवस सांभाळाल का?" असे म्हणून उंबऱ्यात उभी राहिली. त्या चार दिवसांना आता सात वर्षे झाली. ते बाळ शाळेत गेले. त्याच्या जागी दुसरे आले, दुसऱ्याबरोबर तिसरे आले. सांप्रत सकाळी नऊपासून सायंकाळी साडेसहापर्यंत दीड ते तीन वर्षांची पाच बालके आमच्या ओसरीवर राज्य करतात. त्यांच्या लेखी आमच्या सौभाग्यवती 'आजी' आहेत आणि आम्ही 'आबा'. २०१७ सालच्या कायद्याच्या दुरुस्तीने नोकरदार मातेची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि मोठ्या कचेऱ्यांनी पाळणाघराची सोय ठेवावी असेही तीत आले, ही फार चांगली गोष्ट झाली. तथापि २६ आठवडे म्हणजे सहा महिने; आणि मूल कोरडे राहू लागायला लागतात दोन-अडीच वर्षे. ज्यांच्या कचेऱ्या लहान आहेत त्यांची ही मधली दीड-दोन वर्षे आमच्यासारख्यांच्या ओसरीवर जातात.

आता थंडीविषयी. नाशिकची थंडी पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना गुलाबी वाटते, कारण ते दोन दिवस राहून परत जातात. शेजारच्या निफाडात कडाक्याच्या वर्षी पारा चार-पाच अंशांपर्यंत खाली येतो, आणि द्राक्षबागाईतदार घडांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्री बागांत शेकोट्या पेटवून बसतात. त्या रात्रीच्या सकाळी आमच्याकडे जी मंडळी येतात, त्यांना ओळखायचे ते कानटोप्यांच्या रंगावरून. तांबडी, हिरवी, पिवळी, निळी अशा त्या टोप्या; टोपीखाली एक नाक; नाकाखाली स्वेटर, स्वेटराच्या आत बंडी, खाली एकावर एक दोन विजारी आणि पायांत मोजे. आईच्या मायेचे हे सात पदर सोडवून मूल भांड्यावर बसवायचे, आणि तेही शंका आल्यापासून समाधान होईपर्यंतच्या अवधीत! हा अवधी सुरुवातीला फार तर अर्ध्या मिनिटाचा असतो. आमचा अनुभव असा की, पहिली विजार गुडघ्याशी पोहोचते तोवर दुसरीचे भवितव्य ठरून गेलेले असते.

त्यातून थंडीत देहाचा कारभारही बदलतो. बाहेर गारठा पडला की शरीर ऊब राखण्यासाठी आपले रक्त कातडीपासून आत ओढून घेते. आतला हा वाढलेला भार हलका करण्यासाठी मूत्रपिंडे जास्त पाणी बाहेर टाकू लागतात. घाम तर जवळजवळ बंदच झालेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात जे पाणी अंगावाटे उडून गेले असते, तेही याच मार्गाने जाते. उलटपक्षी तहान मात्र कमी लागते. मूल पाणी कमी पिते, त्यामुळे शौचास घट्ट होते, घट्ट झाले की दुखते, आणि एकदा दुखले की मूल दुसऱ्या खेपेस भांड्याकडे पाहायलाही तयार होत नाही. शिवाय प्लॅस्टिकचे ते भांडे सकाळी असे गार पडलेले असते की त्यावर बसण्याचा प्रसंग प्रत्यक्ष आमच्यावर आला असता, तर आम्हीही हातपाय झाडले असते. आणि धुतलेल्या विजारी! आमच्या आजीच्या वेळी शेगडीवर बांबूची डाल उपडी घालून तिच्यावर बाळुती वाळत टाकीत, आणि ओवा-शेपांच्या धुराचा तो वास घरभर दरवळत असे. आता आमच्या गॅलरीच्या दोरीवर विजारी दोन-दोन दिवस ओल्याच लोंबत असतात, आणि खालून जाणारे लोक वर पाहून घरात बारसे केव्हा झाले असा प्रश्न करतात.

मग हा उद्योग उन्हाळ्यात का करू नये? हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि सवड असेल त्याने तसेच करावे. उन्हाळ्यात मूल एका झबल्यावर हिंडते, फरशी पुसली की वाळते, विजार तासाभरात कडकडीत होते. परंतु ज्यांना जूनमध्ये बालवर्गात बसायचे असते, त्यांच्या प्रवेशाची बोलणी हिवाळ्यातच सुरू होतात. आणि लंगोटातले मूल आमच्याकडे चालणार नाही, असे सांगणाऱ्या शाळा आहेत. गेल्या डिसेंबरात अशाच एका शाळेतून परतलेली एक आई आमच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिची मुलगी म्हणजे आमची तांबडी कानटोपी. वय दोन वर्षे चार महिने. "काका, काकू, जानेवारीच्या आत हिचं एवढं करून द्या. मला घरी पोहोचायलाच सात वाजतात. मी कधी शिकवू?" असे ती म्हणाली. आमच्या सौभाग्यवती, "बघू हं, मुलांचं काही सांगता येत नाही," असे काहीतरी पुटपुटल्या. परंतु आमच्यातला मास्तर इतक्या वर्षांनी खडबडून जागा झाला होता. एक महिना म्हणजे एक सत्र! त्यात एक धडा शिकवून होत नाही म्हणजे काय?

दुसऱ्याच दिवशी आम्ही पुठ्ठ्याचा एक तक्ता करून भिंतीवर लावला. उभ्या रकान्यांत वार, आडव्या रकान्यांत कानटोप्या. आणि जो कोणी भांड्यावर यशस्वी होईल त्याच्या घरात एक चांदणी. दर तासाला घंटा व्हायची आणि मुलांनी ओळीने बसायचे. एखाद्या आदर्श शाळेची तपासणी चालावी तसा तो देखावा होता. हिरव्या कानटोपीने चार दिवसांत सहा चांदण्या मिळवल्या. निळीने तीन मिळवल्या. तांबडीचे घर मात्र कोरे होते. घंटेबरोबर ती मुकाट्याने बसायची, पंधरा मिनिटे बसून राहायची, उठायची, आणि विजार चढवून झाली की दाराच्या पडद्यामागे जाऊन विजार ओली करायची. असे पाच-सहा दिवस चालले. सातव्या दिवशी, पडद्याखालून पाण्याचा ओघळ बाहेर येताना पाहून, आमच्या तोंडून एक वाक्य गेले. "शी शी! एवढी मोठी मुलगी, आणि अजून हे असं?"

वाक्य काही फार कठोर नव्हे. घरोघरी रोज उच्चारले जाते. आमच्याही लहानपणी आमच्यावर शंभरदा उच्चारले गेले असेल. हिरवी कानटोपी हसली, तिचे पाहून निळी हसली, आणि न कळताच पिवळीही हसली. तांबडी पडद्यातून बाहेर आली नाही. सौभाग्यवतींनी तिला उचलून घेतले, पुसले, कपडे बदलले, आणि आमच्याकडे एकदा पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही.

आणि मौज अशी की, आमच्या शिक्षणाचा परिणाम तत्काळ दिसून आला! दुसऱ्या दिवशी तांबडी दुपारपर्यंत कोरडी राहिली. तिसऱ्या दिवशी तर सायंकाळपर्यंत. आम्ही तिच्या रकान्यात दोन चांदण्या ठळकपणे काढल्या, तिच्या आईला बोलावून तक्ता दाखवला, आणि मनातल्या मनात आपल्या अध्यापनकौशल्याची पाठ थोपटून घेतली. चौथ्या दिवशी दुपारी सौभाग्यवती पोरांची भांडी उचलीत होत्या. त्या स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. "अहो, हिचं फुलपात्र भरलेलंच आहे," त्या म्हणाल्या. आम्ही म्हटले, "मग?" त्या म्हणाल्या, "सकाळचंही भरलेलंच होतं. कालचंही."

आम्ही मुलीजवळ जाऊन पाहिले. ओठ सुकलेले होते. पाण्याचा पेला पुढे केला तर तिने मान फिरवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. ऊन दूध नको, पेज नको, वरणाचे पाणी नको. आईला फोन करून विचारले, तेव्हा कळले की घरीही तिने दोन दिवस पाणी मागितलेले नाही, आणि चार दिवसांत शौचास झालेले नाही. थंडी आहे, तहान कमी लागत असेल, असे आईने धरले होते. आमच्या अंगावर काटा उभा राहिला. आम्ही घातलेले गणित त्या सव्वादोन वर्षांच्या जिवाने आपल्या बुद्धीने अचूक सोडवले होते. पाणी प्यायले तर शू होते. शू झाली तर हसतात. तेव्हा पाणीच प्यायचे नाही. आम्ही ज्या दोन चांदण्या काढल्या होत्या, त्या या उत्तराबद्दल होत्या.

डॉक्टरांकडे आम्ही सारेच गेलो. त्यांनी मुलीला तपासले, शौचास मऊ होण्याचे औषध दिले, थोडे थोडे ऊन पाणी चमच्याने पाजत राहायला सांगितले, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आता काही आठवडे भांड्याचं नावही काढू नका. डायपर बांधा आणि विसरून जा." परतताना रिक्षात कोणी बोलत नव्हते. शेवटी आम्हीच तिच्या आईला म्हटले की, चूक आमची झाली, तिला सर्वांसमोर बोललो. तेव्हा ती मुलगी एकदम रडू लागली. "नाही हो काका. रात्री अकरा वाजता चादर बदलताना मीही बोलत होते तिला. दिवसभर मी नसते ना तिच्याजवळ; निदान हे तरी वेळेवर व्हावं, असं वाटत होतं मला." या वाक्यावर काय बोलावे हे आम्हाला सुचले नाही. सौभाग्यवतींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि घर येईपर्यंत तो तसाच राहू दिला. मुलगी आईच्या मांडीवर झोपी गेली होती.

त्या रात्री तक्ता आम्ही आमच्याच हातांनी फाडला. नंतरचे काही आठवडे, जे काम आधी करायचे ते मागाहून केले, म्हणजे वाचायला बसलो. वाचता वाचता असे दिसून आले की, या बाबतीत शहाण्यांचे एकमत कधीच नव्हते. अमेरिकन सरकारच्या बालक विभागाने १९१४ साली मातांसाठी एक पुस्तिका काढली. तीत तिसऱ्या महिन्यापासून, जमल्यास त्याही आधी, भांड्याची सवय लावावी असे सांगितले होते. पुढे १९६२ साली तेथीलच टी. बेरी ब्रेझल्टन या बालवैद्यांनी आपल्याकडील ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, आणि मूल स्वतः तयार झाल्याच्या खुणा दिसेपर्यंत थांबावे असे प्रतिपादन केले. त्या मुलांना दिवसा कोरडे राहणे सरासरी २८.५ महिन्यांच्या सुमारास साधले होते. तर १९७७ साली पूर्व आफ्रिकेतील डिगो लोकांविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. तेथील आया जन्मानंतर काही आठवड्यांतच सुरुवात करतात, आणि त्यांची मुले वर्ष पुरे होण्याच्या कितीतरी आधी सांगू लागतात, असे त्यात नमूद आहे.

हा शेवटचा वृत्तांत सौभाग्यवतींना वाचून दाखवला तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. "यात नवल ते काय? आमची आई हेच करायची," त्या म्हणाल्या. आणि खरेच होते. पाय लांब करून बसायचे, तान्ह्याला पावलांवर धरायचे, आणि 'शूऽऽ' असा आवाज करायचा, हा आपल्याकडील जुन्या बायकांचा परिपाठ. "आमची मुलं वर्षाच्या आत सांगत असत," असे म्हणणाऱ्या आज्या त्याच परिपाठातल्या. त्या खोटे बोलत नाहीत. फक्त त्या काळी मुलापेक्षा आई अधिक शिकलेली असे. मुलाच्या चेहऱ्यावरची रेघ, पायांची चुळबुळ, अंगावरचा शहारा हे सारे ती वाचीत असे, आणि मुलाला शंका येण्याआधीच ती तिला येत असे. दिवसभर एका जिवाकडे एका माणसाचे लक्ष असेल, तर ही विद्या साधते. पाच जीव आणि दोन म्हाताऱ्या माणसांत ती साधणे कठीण. आणि जिचे मूल सकाळी नऊपासून दुसऱ्याच्या घरी आहे, तिला तर त्याहून कठीण. तीन महिन्यांची पुस्तिका काय किंवा साडेअठ्ठावीस महिन्यांचे डॉक्टर काय, आमच्या समजुतीप्रमाणे मुद्दा महिन्यांचा नाहीच. कोणी तरी लक्ष दिले पाहिजे हा आहे. घंटा वाजवणे म्हणजे लक्ष देणे नव्हे. घंटा आम्ही वाजवू लागलो, ती मुलांकडे पाहायला लागू नये म्हणूनच.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्याकडे तक्ता नाही. भांडी ओसरीच्या त्या कोपऱ्यात ठेवली आहेत जेथे सकाळचे ऊन नऊपासून अकरापर्यंत रेंगाळते. मूल बसण्यापूर्वी भांडे ऊन पाण्याने विसळून पुसून घेतो, आणि बसल्यावर पावलांखाली पाट देतो, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत व जोर नीट लागतो. आयांना विनंती करून दोन विजारींच्या जागी एकच सैल विजार आणि गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे आणवले. त्यामुळे सात पदरांचे सहा झाले आणि पायही उघडे पडत नाहीत. बसायला सांगायचे ते झोपून उठल्यावर आणि जेवण झाल्यावर; पोटात अन्न पडले की आतडी आपण होऊन हलू लागतात, ही निसर्गाची घंटा आमच्या घंटेपेक्षा चांगली. बसायचे ते दोन-चार मिनिटे. नको म्हटले तर नको. दिवसातून पाच-सहा वेळा सर्वांनी मिळून कोमट पाणी प्यायचे, आम्हीसुद्धा. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका सकाळी वाटायच्या. आणि फरशीवर तळे साचलेच, तर कपाळाला आठी न घालता ते पुसायचे, आणि "काही होत नाही. आता पाणी पी," एवढेच म्हणायचे. शेवटचा नियम पाळायला अत्यंत कठीण. पहाटेच्या गारठ्यात तिसऱ्यांदा फरशी पुसताना कंबर बोलू लागते, आणि कंबरेपाठोपाठ तोंड. अशा वेळी पोतेरे सौभाग्यवतींच्या हाती देऊन आम्ही थोडा वेळ वर्तमानपत्राआड जातो. त्यांची पाळी आली की त्या देवघरात जातात.

या सर्व खटपटीत आम्हाला एक शोध लागला, आणि तो मास्तरालाच लागावा असा आहे. मूल ही विद्या व्याकरणाच्या क्रमाने शिकते. प्रथम ते म्हणते, "झाली." हा भूतकाळ. आम्ही पूर्वी या शब्दावर रागवत असू; 'आधी का नाही सांगितलंस?' असे विचारीत असू. वास्तविक जे घडले ते आपल्याकडून घडले, एवढे ज्या दिवशी मुलाला उमगले तो केवढा मोठा दिवस! डायपरात सारे शोषले जाते, अंगाला ओल लागत नाही, म्हणून हा भूतकाळ उमगायलाच पुष्कळांना उशीर होतो. मग काही आठवड्यांनी मूल धावता धावता थबकते, पायावर पाय घेते आणि म्हणते, "होतेय." हा वर्तमानकाळ. यात विजार वाचत नाही, पण उमेद वाढते. आणि पुढे केव्हातरी एके दिवशी ते येऊन भविष्यकाळ बोलते. पहिले दोन काळ गाळून कोणी एकदम तिसऱ्यावर उडी घेत नाही. आणि एखादे धाकटे भावंड घरात आले, आजारपण झाले, की भविष्यकाळातले मूल पुनश्च भूतकाळात येऊन बसते. त्याला मागे पडला असे म्हणू नये. भाषा बोलताना आपण काळ बदलतोच.

ती तांबडी कानटोपी? फाल्गुन अर्धा सरला होता. थंडी गेली होती, टोपी पेटीत गेली होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही भांड्याचा शब्द काढीत नव्हतो. भांडे उन्हाच्या कोपऱ्यात नुसते असे. ती इतरांना बसताना पाहायची; कधी आपली बाहुली त्यावर बसवायची. एके दिवशी आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो. सदऱ्याच्या बाहीला खालून ओढ बसली. पाहतो तो ती उभी. चेहरा अतिशय गंभीर. "आबा, येणारे," ती म्हणाली. आम्ही आयुष्यात पुष्कळ विद्यार्थ्यांना भविष्यकाळ शिकवला. परंतु तो इतका शुद्ध कोणी उच्चारल्याचे आम्हाला स्मरत नाही. चांदणी कोठेच काढली नाही. सायंकाळी तिची आई आली तेव्हा आम्ही सांगणार होतो. पण तिनेच दारातून धावत जाऊन सांगितले. त्या शाळेत तिचे नाव गेले नाही. दुसऱ्या एका शाळेत गेले. तेथील बाई म्हणाल्या, एखादी विजार दप्तरात घालून पाठवा म्हणजे झाले.

नुकतीच संक्रांत झाली. आमच्या पिवळ्या कानटोपीचे बोरन्हाण आमच्याच ओसरीवर करावे असे त्याच्या आईबापांनी ठरवले, आणि जुन्या विद्यार्थ्यांनाही आमंत्रणे गेली. तांबडी आली ती काळे परकर-पोलके घालून, साडेतीन वर्षांच्या बाईच्या रुबाबात. पाटावर बसलेल्या पिवळ्या कानटोपीच्या अंगावर काळे झबले, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट. बोरे, हरभरे, चुरमुरे, उसाचे करवे त्याच्या डोक्यावरून ओतले गेले, पोरांची झुंबड उडाली, आणि त्या गर्दीत उत्सवमूर्ती एकाएकी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "झाली!"

क्षणभर सारी ओसरी स्तब्ध झाली. पाटावरून पाणी ओघळत चुरमुऱ्यांकडे निघाले होते. कोणी तरी हसणार होते. एका आजोबांनी तोंड उघडलेही होते. इतक्यात तांबडी पुढे झाली. तिने त्याचा हात धरला, त्याला पाटावरून खाली घेतले, आणि अगदी आमच्या सौभाग्यवतींच्या सुरात म्हणाली, "काही होत नाही. आता पाणी पी."

तिनेच कोपऱ्यातले फुलपात्र आणून त्याच्या हाती दिले. त्याने ते दोन्ही हातांनी धरून घटाघटा रिकामे केले. आम्ही आणि सौभाग्यवतींनी एकमेकांकडे पाहिले, आणि पोतेरे आणायला दोघेही एकदमच उठलो. त्या फुलपात्रातल्या पाण्याचे पुढे पंधरा मिनिटांनी काय झाले, हे सुज्ञ वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.